सोडियम सेलेनाइट आणि सेलेनोमेथिओनिन: पेशींवरील चाचण्यांत दोघांची गल्लत नको

‘सेलेनियम या मूलद्रव्यामुळे कॅन्सरच्या पेशी मरतात’ असे विधान वाचनात आले की, चाचणीत नेमके कोणते संयुग वापरले होते, हे आधी पाहावे. सोडियम सेलेनाइट आणि सेलेनोमेथिओनिन ही दोन्ही संयुगे पूरक गोळ्यांत असतात आणि दोन्हींच्या वेष्टनावर ‘सेलेनियम’ असेच छापलेले असते. पेशीत शिरल्यावर मात्र दोघांच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या होतात.

सेलेनाइट हा असेंद्रिय क्षार आहे. पेशीतील ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूशी त्याची चटकन अभिक्रिया होऊन हायड्रोजन सेलेनाइड तयार होतो, त्याच्या ऑक्सिजनशी होणाऱ्या अभिक्रियेतून सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा घातक प्रकार निर्माण होतो आणि डीएनएचे धागे तुटू लागतात. म्हणूनच कित्येक कॅन्सर पेशी 5 ते 10 मायक्रोमोलर (द्रावणातील प्रमाणाचे एकक) इतक्या थोड्या मात्रेतही मरतात. सेलेनोमेथिओनिन हे अमिनो आम्ल असल्याने पेशी ते मेथिओनिनच्या जागी सरळ प्रथिनांत गुंफून टाकते, आणि त्यातून विषारी सेलेनियम मोकळे करणारे विकर (एन्झाइम) मानवी पेशींत फारसे नसल्यामुळे त्याच मात्रेत बहुधा काहीच घडत नाही. इथे संवर्धन माध्यमाकडेही, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात त्याकडेही, लक्ष हवे. आरपीएमआय 1640 या प्रचलित माध्यमामध्ये लिटरमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 100 मायक्रोमोलर, मेथिओनिन आधीच असते आणि डीएमईएम या दुसऱ्या माध्यमामध्ये त्याच्या दुप्पट. पेशीत शिरण्यासाठी सेलेनोमेथिओनिनला याच मेथिओनिनशी स्पर्धा करावी लागते.

प्रतिकारक्षम पेशींच्या बाबतीत तर अधिकच जपून बोलायला हवे. रक्तातून वेगळ्या केलेल्या लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या) पेशी विश्रांत अवस्थेत, म्हणजे न विभागता, असतात, तर शेजारच्या प्लेटमधील कॅन्सर पेशी झपाट्याने विभागत असतात. अशा वेळी लिम्फोसाइट वाचल्या म्हणून ‘संयुग फक्त कॅन्सरलाच मारते’ असे म्हणणे मला घाईचे वाटते. फायटोहीमॅग्लुटिनिन या विभाजनास चालना देणाऱ्या वनस्पतिज प्रथिनाने उद्दीपित केलेल्या, विभागणाऱ्या लिम्फोसाइटवर तीच मात्रा तपासल्याशिवाय ती तुलना न्याय्य ठरत नाही.

‘सिलेक्ट’ या अमेरिकी चाचणीचा दाखलाही याच गल्लतीने दिला जातो. 35 हजारांहून अधिक पुरुषांच्या या चाचणीत सेलेनियम घेणाऱ्या गटांना रोज 200 मायक्रोग्रॅम मात्रा दिली गेली, प्रोस्टेट कॅन्सर टळल्याचे दिसले नाही आणि 2008 मध्ये गोळ्या थांबवण्यात आल्या. त्या गोळ्यांत सेलेनोमेथिओनिन होते. निरोगी माणसात कॅन्सर होऊ नये म्हणून ते दिले होते. तयार गाठीतील पेशींवर सेलेनाइट काय करते, हा प्रश्न त्या चाचणीने विचारलाच नव्हता.