भारद्वाज की ग्रेटर कूकल?

‘मराठी नाव हौशी, इंग्रजी नाव शास्त्रीय’ हा समज पुण्याच्या टेकड्यांवर पक्षी पाहणाऱ्यांत अजून पक्का आहे. तो चुकीचा आहे. भारद्वाज पक्ष्याचं शास्त्रीय नाव एकच, लॅटिन धाटणीचं: सेंट्रोपस सायनेन्सिस. ‘ग्रेटर कूकल’ हे त्याचं इंग्रजी नावही बोलीनावच, फक्त इंग्रजांच्या बोलीतलं.

शिवाय ते स्थिरही नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हाच पक्षी ‘क्रो फेझंट’ आहे, आणि तो ना कावळा, ना फेझंट (कोंबडीच्या कुळातला पक्षी). कोकिळेच्या कुळातला, पण स्वतःचं घरटं बांधून स्वतः पिल्लं वाढवणारा. भारद्वाजाचं आपलं दुसरं नाव ‘कुंभारकावळा’, तेही त्याच काळ्या रंगाला फसलं! ‘रॉबिन’चं तर विचारूच नका: ब्रिटनमधला वेगळा, अमेरिकेतला वेगळा, आणि आपला चिरक म्हणजे इंडियन रॉबिन तिसराच.

मराठी नावं निर्दोष आहेत असं मात्र नाही. संस्कृत कोशात ‘भरद्वाज’चा अर्थ चंडोल, म्हणजे वेगळाच पक्षी, असा सापडतो. कोकणात कुकुडकोंबा म्हणतात तो घाटावर भारद्वाज होतो.

म्हणून वेताळ टेकडीवरची नोंद करताना आधी ऐकलेलं स्थानिक नाव जसंच्या तसं लिहा, शेजारी शास्त्रीय नाव, मग तारीख, वेळ, जागा. नुसतं ‘कावळ्यासारखा’ लिहिलंत तर नंतर काही कळत नाही. तांबूस-तपकिरी पंख, लाल डोळा, लांब काळी शेपटी, झुडपाखाली चालणं, ‘हूप हूप’ आवाज हे लिहा. इंग्रजी नाव हवं तर शेवटी. शास्त्रीय नावंही क्वचित बदलतात: छोट्या पाणकावळ्याचं फॅलाक्रोकोरॅक्स नायजर आता मायक्रोकार्बो नायजर झालंय. तरी जुनं नवं जोडता येतं.