दोन यंत्रं आणि मधला हमाल

टेबलावर बुद्धिबळाचे दोन पट शेजारी शेजारी मांडलेले आहेत. डावीकडे नोव्हॅग कंपनीचं १९८४ सालचं सुपर कॉन्स्टेलेशन, उजवीकडे म्युनिकच्या हेगेनर अँड ग्लेझरचं मेफिस्टो. डावीकडच्या पटाच्या कडेचे दिवे लागतात : हत्ती ए१ वरून डी१ वर. मधे बसलेला माणूस तो हत्ती डावीकडे सरकवतो, तीच खेळी उजवीकडच्या पटावर करतो आणि वाट बघत बसतो. तीनेक मिनिटांनी उजवीकडून उत्तर आलं की ते डावीकडे पोचवायचं. एका डावाला असे पाच-सहा तास सहज जातात. विचार करणार यंत्रं, माणसाकडे फक्त हमाली.

जुन्या बुद्धिबळ यंत्रांचे शौकीन जगभर ही हमाली हौसेनं करत आले आहेत. दोघांतलं सरस कोण, एवढंच त्यांना हवं असतं. पण ते नीट मोजायला बसलं की संख्याशास्त्र, घड्याळं आणि प्रोग्रॅमरांचे डावपेच असं सगळंच अंगावर येतं.

ही यंत्रं म्हणजे फक्त बुद्धिबळ खेळणारे छोटे संगणक. फिडेलिटी कंपनीनं १९७७ मध्ये ‘चेस चॅलेंजर’ बाजारात आणलं, तिथून हा धंदा सुरू झाला. रॉन नेल्सननं लिहिलेल्या त्या पहिल्या यंत्रावर घरांची अक्षरं आणि आकडे रूढ पद्धतीच्या उलटे छापलेले होते, म्हणजे आडव्या ओळींना अक्षरं आणि उभ्यांना आकडे. अशा यंत्राचा सामना दुसऱ्याशी लावायचा तर हमालाला दुभाष्याचंही काम. पुढे डॅन आणि कॅथलीन स्प्रॅकलेन या दांपत्यानं फिडेलिटीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं १९८० मध्ये लंडनला मायक्रोसंगणकांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. त्याच वर्षी मेफिस्टो आलं. १९९० च्या दशकात घरोघरी पीसी पोचले आणि ही बाजारपेठ आटली, पण यंत्रं टिकली. त्यातली बरीचशी आजही चालू स्थितीत आहेत.

खोक्यावर लिहिलेल्या ताकदीवर किंवा नावावर विसंबता येत नाही. मेफिस्टोच्या ‘अ‍ॅमस्टरडॅम’, ‘डॅलस’, ‘रोमा’, ‘आल्मेरिया’ या मॉड्यूलांना (पटाला जोडायच्या प्रोग्रॅमच्या संचांना) १९८५ ते १९८८ मध्ये जिथे जिथे जागतिक अजिंक्यपद मिळालं त्या ठिकाणांची नावं दिलेली आहेत. रिचर्ड लँगचे हे प्रोग्रॅम उत्तम होते यात वाद नाही. मात्र स्पर्धेत उतरवलेलं यंत्र अनेकदा दुकानातल्या यंत्रापेक्षा बरंच वेगवान असे. गिऱ्हाईक पदक बघून घेई आणि घरी आणे त्याचा धाकटा भाऊ. त्यामुळे स्वतंत्र चाचणीची गरज आधीपासूनच होती.

आता समजा, वीस डावांचा सामना लावला आणि निकाल आला १३-७. जिंकणारं यंत्र सरस, असं बहुतेक जण म्हणतील. पण दोन्ही यंत्रं अगदी तुल्यबळ आहेत असं धरून हिशेब करून बघा. बरोबरीचे डाव सोडून दिले, तर प्रत्येक डाव म्हणजे नाणेफेक. वीस वेळा नाणं उडवलं की कुठल्या तरी एका बाजूला १३ किंवा त्याहून जास्त कौल पडण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आहे. म्हणजे चारांतला एक सामना निव्वळ नशिबानं इतका एकतर्फी दिसणार. बरोबरीचे डाव धरले तर ही शक्यता कमी होते, नाहीशी होत नाही.

आर्पाद एलो यांच्या मानांकन पद्धतीत दोन खेळाडूंमधला फरक गुणांत सांगतात. शंभर गुणांनी वरचढ असलेल्यानं लांबच्या सामन्यात ६४ टक्के गुण मिळवावेत, दोनशे गुणांनी वरचढ असलेल्यानं ७६ टक्के. वर दिलेला १३-७ म्हणजे सुमारे ११० गुणांचा फरक झाला, पण वीस डावांत त्रुटीची मर्यादाच, म्हणजे खरा आकडा किती मागेपुढे असू शकतो ती, दोन्ही बाजूंना शंभर गुणांच्या पलीकडे जाते. शंभर डाव खेळवले तर ती पंचावन्नच्या आसपास येते. दोन यंत्रांमधला वीस गुणांचा फरक खात्रीनं सांगायचा असेल, तर साडेसातशेच्या घरात डाव लागतात. एका डावाला पाच तास धरले तर हे पाच महिन्यांहून जास्त, तेही अहोरात्र. एकट्या माणसाला हे झेपणारं काम नाही.

स्वीडनमधल्या बुद्धिबळ संगणकांच्या संघटनेनं ते वाटून घेतलं. एसएसडीएफ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. १९८४ पासून तिच्या सभासदांनी आपापल्या घरी यंत्रांचे सामने लावले, तेही चाळीस खेळ्यांना दोन तास अशा पूर्ण स्पर्धेच्या वेळेत, आणि सगळे निकाल एकत्र करून मानांकन यादी काढली. कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा या यादीला वजन आलं ते याचमुळे : डाव भरपूर होते आणि खेळवणाऱ्यांना काही विकायचं नव्हतं. हौशी लोकांनी केलेलं मोजमापाचं इतकं चिकाटीचं काम मला तरी दुसरं चटकन आठवत नाही.

डावांची संख्या वाढवून मात्र सगळे प्रश्न सुटत नाहीत. पहिली अडचण अशी की यंत्रं कंटाळत नाहीत. तेच स्थान, तोच वेळ आणि तेच प्रोसेसर मिळालं तर पुष्कळ जुनी यंत्रं हुबेहूब तीच खेळी करतात. सुरुवातीच्या चालींचं पाठ केलेलं ‘पुस्तक’ यंत्राच्या स्मृतीत असतं. त्यातून निवड करताना थोडा यादृच्छिकपणा ठेवलेला असेल तर डाव वेगळे पडतात, नाहीतर दहावा डाव पहिल्याचीच नक्कल ठरतो. अशा वीस डावांत खरे वेगळे डाव सहाच असू शकतात, आणि मग वरचं सगळं गणित कोसळतं. प्रोग्रॅमरांनी याचा फायदाही घेतला. ठरावीक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध हमखास जिंकून देणाऱ्या चाली शोधायच्या आणि पुस्तकात भरून ठेवायच्या. असा ‘मारेकरी’ डाव यंत्र पाठांतरानं जिंकतं, त्यात खेळाची ताकद कुठेच येत नाही. यावर उतारा म्हणजे पुस्तकं बंद ठेवून ठरलेल्या स्थितींपासून डाव सुरू करायचे, आणि प्रत्येक स्थिती दोन्ही यंत्रांनी एकदा पांढऱ्यानं, एकदा काळ्यानं खेळायची. ग्रँडमास्टर जॉन नन यांनी अशा चाचण्यांसाठी निवडलेल्या दहा स्थिती यासाठी बऱ्याच वापरल्या गेल्या.

दुसरी अडचण घड्याळाची. ‘दोघांना सारखा वेळ’ हे बोलायला सोपं आहे. एका यंत्रावर सरासरी तीस सेकंदांची पातळी असते, दुसऱ्यावर तासाला साठ खेळ्यांची, आणि सरासरी म्हणजे काय याचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीनं लावते. त्यातून काही यंत्रं प्रतिस्पर्ध्याच्या वेळातही विचार करत राहतात : समोरचा अमुक खेळेल असा अंदाज बांधायचा आणि त्याचं उत्तर आधीच शोधून ठेवायचं. अशा यंत्राचा सामना ही सोय नसलेल्या यंत्राशी असेल, तर मधला माणूस चहा प्यायला उठला तरी निकालात फरक पडू शकतो. खेळी दिव्यांवर आली आहे, पण पलीकडच्या पटावर पोचलेली नाही, तेवढा वेळ विचार करणाऱ्याला फुकट मिळतो. एखादा डाव यानं फिरणार नाही, पण शेकडो डावांत हमालाचा आळस एकाच बाजूला साठत जातो.

हमाल चुकतोही. प्यादं भलत्याच घरात ठेवलं, खेळी नोंदवायला पटावर द्यायचा दाब नीट बसला नाही, की दोन पटांवर दोन वेगळे डाव सुरू होतात आणि त्याचा पत्ता लागतो आठ-दहा खेळ्यांनी, एखादं यंत्र ‘ही खेळी नियमबाह्य’ म्हणून कुरकुरलं की. सुरुवातीच्या काही यंत्रांना तीनदा तीच स्थिती आली की बरोबरी, हा नियमच ठाऊक नव्हता. तिथे पंचगिरीही माणसालाच करावी लागते.

पण मला यातली सगळ्यात रंजक अडचण वेगळीच वाटते. यंत्रं एकमेकांशी खेळताना एकमेकांच्या चुका झाकतात.

यंत्र पुढच्या खेळ्यांचं झाड ठरावीक खोलीपर्यंत तपासतं. त्यापलीकडचं त्याला दिसत नाही. समजा, उंट जाणार हे अटळ आहे. मग यंत्र मधे एखादा निरर्थक शह देतं, एखादं प्यादं उगाच मारायला देतं आणि ती आपत्ती नजरेच्या टप्प्याबाहेर ढकलतं. त्याच्या हिशेबी उंट वाचला. प्रत्यक्षात उंटही जातो आणि प्यादंही. संगणकशास्त्रज्ञ हान्स बर्लिनर यांनी या दोषाला क्षितिज परिणाम असं नाव दिलं. आता समोर तितक्याच खोलीचं दुसरं यंत्र असेल, तर त्याचंही क्षितिज तिथेच संपतं. राजावर वीस खेळ्यांनी येणारं संकट दोघांनाही दिसत नाही, म्हणून कुणालाच त्याची शिक्षा होत नाही. बऱ्यापैकी क्लब खेळाडू मात्र पट गोठवून ठेवतो, घाई करत नाही, सावकाश प्यादी पुढे सरकवतो आणि यंत्राला कळायच्या आत डाव संपवतो. म्हणून यंत्रांच्या आपसातल्या मानांकनाला माणसांच्या मानांकनाशी कुठेतरी खुंटी मारून बांधावं लागतं. स्वीडिश यादी तशी माणसांविरुद्धच्या डावांवर बेतलेली होती, तरीही आकडे फुगत गेले आणि २००० मध्ये संपूर्ण यादी शंभर गुणांनी खाली आणावी लागली. यंत्रांचे परस्परांमधले फरक त्यानं बदलले नाहीत. फक्त शून्य कुठे धरायचं ते बदललं.

फरकही फुगतात, विशेषतः घरातल्या घरात. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी आपल्या ‘बेल’ या बुद्धिबळ यंत्राच्या वेगवेगळ्या खोलीच्या आवृत्त्या एकमेकींशी खेळवल्या आणि १९८२ मध्ये निष्कर्ष मांडले. एका बाजूची एक खेळी जास्त खोल बघणारी आवृत्ती साधारण दोनशे गुणांनी वरचढ ठरत होती. हा प्रयोग गाजला, आणि रास्त गाजला. पण यात दोघींची समज एकच आहे : थोरलीला धाकटीचं सगळं दिसतं आणि वर थोडं जास्त. परक्या प्रतिस्पर्ध्यासमोर एवढा निर्भेळ फायदा मिळत नाही.

तरी या आकड्यावरून एक अंदाज बांधता येतो. बुद्धिबळात सरासरी पस्तीसेक खेळ्या शक्य असतात. नको त्या फांद्या छाटणारी अल्फा-बीटा पद्धत उत्तम चालली तर प्रत्येक पायरीला साधारण सहापट काम वाढतं. म्हणजे दोनशे गुणांसाठी सहापट वेग, आणि वेग दुप्पट केला तर सत्तर-ऐंशी गुण. जुन्या यंत्रांत हे तपासायला आयती सोय आहे, कारण मेफिस्टोचे तेच प्रोग्रॅम मोटोरोला ६८००० आणि त्याहून वेगवान ६८०२० अशा दोन्ही प्रोसेसरवर विकले गेले. तोच मेंदू, फक्त वेग वेगळा. अशी जोडी सामन्यांतून गेली की त्या फरकातला किती भाग प्रोग्रॅमचा आणि किती प्रोसेसरचा, हे वेगळं काढता येतं.

आता हमालीही संपत आली आहे. मेमसारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मूळ यंत्राच्या रॉममधला (कायमच्या स्मृतीतला) प्रोग्रॅम जसाच्या तसा चालतो, आणि ६५०२ किंवा ६८००० प्रोसेसरची एकेक पायरी आजचा संगणक हुबेहूब वठवतो. वेग दहापट केला तर यंत्राच्या आतलं घड्याळही दहापट पळतं, त्यामुळे यंत्र तितकाच विचार करून तीच खेळी करतं आणि सहा तासांचा डाव अर्ध्या-पाऊण तासात उरकतो. हजार डाव आता आवाक्यात आहेत. एक मेख मात्र आहे. काही यंत्रं माणसानं कळ नेमकी कधी दाबली यावरून आपला यादृच्छिक आकडा काढत. खेळ्या पोचवायला प्रोग्रॅम बसवला की कळा ठरल्या क्षणी दाबल्या जातात, आणि एकाच डावाच्या नकला पडण्याचा जुना आजार उलटण्याची भीती असते.

हजार डाव आवाक्यात आले म्हणूनच सुपर कॉन्स्टेलेशनचं मला विशेष कुतूहल वाटतं. डेव्हिड किटिंजर यांनी त्याचा प्रोग्रॅम लिहिला. चार मेगाहर्ट्झच्या ६५०२ वर चालणारं हे यंत्र राजावर हल्ला मिळत असेल तर मोहरा फेकायला कचरत नाही, आणि त्याची ख्याती याच धाडसावर उभी आहे. थंड डोक्याच्या यंत्रांसमोर असे बळी अंगाशी येऊ शकतात, माणसाचा मात्र हल्ल्याखाली हात थरथरतो. सामन्याच्या एका आकड्यात हे दिसायचंच नाही. शेकडो डाव हाताशी असतील तर प्रत्येक बळी वेगळा काढून स्टॉकफिश या आजच्या बलाढ्य बुद्धिबळ प्रोग्रॅमला दाखवता येईल, आणि तो क्षणार्धात सांगेल की यातले किती खोटे, म्हणजे अचूक उत्तर दिलं तर फसणारे, होते. पण खोटा बळी दिला म्हणून गुण जात नाहीत, समोरच्याला तो ओळखता आला तर जातात. तेव्हा दुसरा रकाना आखावा लागेल : समोरच्या आठ-बिटी यंत्राला मिळालेल्या तीन मिनिटांत त्यावरचं उत्तर सापडलं होतं का?