देशांची भिशी आणि नव्वद दिवसांचा मका

सामायिक निधी म्हटलं की सोलापुरात कुणीही म्हणेल, म्हणजे भिशीच की! पण भिशीत बारा जण महिन्याला हजार घालतात आणि प्रत्येकाला एकदा बारा हजार मिळतात. पैसे आपलेच, फक्त एकगठ्ठा. जोखीम निधीत ज्याच्यावर संकट येईल त्यालाच रक्कम मिळते, बाकीच्यांचा हप्ता गेला तो गेला. आफ्रिकी संघाने 2012 मध्ये दुष्काळासाठी अशी संस्था उभारली, तिचं नाव आफ्रिकन रिस्क कपॅसिटी.

हप्ता बुडूनही हे परवडतं कसं? समजा दहा देश आहेत, प्रत्येकाला दहा वर्षांत एकदा दुष्काळ पडतो आणि तेव्हा 10 कोटी लागतात. प्रत्येकाने आपापली सोय केली तर एकूण 100 कोटी अडकून पडतात. एकत्र आले तर? एकाच वर्षी तीनहून अधिक देशांत दुष्काळ पडण्याची शक्यता जेमतेम 1.3 टक्के. म्हणजे 30 कोटींत जवळजवळ नेहमीच भागतं. उरलेले 70 कोटी शाळा, दवाखाने, पाणी योजना यांना मोकळे.

अट एकच, दुष्काळ एकमेकांशी बांधलेले नकोत. सांगोला, मंगळवेढा आणि करमाळ्यानेच मिळून असा निधी काढला तर एका कोरड्या वर्षात तो रिकामा होईल, कारण पाऊस तिघांनाही एकदमच हुलकावणी देतो. आफ्रिकेचं तसं नाही. एल निनोच्या वर्षी खंडाचा दक्षिण भाग बहुधा कोरडा जातो, तर पूर्वेला ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस जास्त होतो.

आता खरी गंमत. पैसे कधी सोडायचे हे पंचनामा ठरवत नाही. उपग्रहावरून दर दहा दिवसांचा पाऊस घेतात, पिकाला लागणारं पाणी आणि मिळालेलं पाणी यांचं गुणोत्तर काढतात, त्यावरून किती लोकांना झळ बसली याचा अंदाज बांधतात. ठरलेली मर्यादा ओलांडली की रक्कम सुटते. पण पिकाची गरज रोज सारखी नसते. ज्वारी पोटरीत असताना ताण बसला तर दाणा भरत नाही, हे इथे कुणाला सांगायला नको. म्हणून वाण किती दिवसांचा आहे, यावर सगळं गणित उभं असतं.

या निधीतला आफ्रिकी देश मलावी नेमका इथेच फसला. 2015-16 च्या हंगामात या गणिताने झळ बसलेल्यांचा आकडा सुमारे 20 हजार काढला. प्रत्यक्षात 65 लाखांहून अधिक लोकांना मदत लागणार होती. गणितात मका 120 ते 140 दिवसांचा धरला होता, शेतकऱ्यांनी पेरला होता 90 दिवसांचा. 90 दिवसांच्या मक्याला तुरा साधारण पन्नासाव्या दिवशी येतो, लांब मुदतीच्याला दोन-तीन आठवडे उशिरा. त्यामुळे तोच कोरडा पंधरवडा एकाला किरकोळ, दुसऱ्याला जीवघेणा. चूक सुधारल्यावर 81 लाख डॉलर मिळाले, पण राष्ट्रीय आपत्ती एप्रिल 2016 मध्ये जाहीर झाली होती आणि पैसे पोचले जानेवारी 2017 मध्ये.

सिद्धेश्वर यात्रेत वासराच्या हालचालींवरून पाऊसपाण्याची भाकणूक करतात, त्याला आपण हसतो. शिवारात न डोकावता चालवलेलं संगणकाचं गणितही भाकणूकच, फक्त महागडी. ती टाळायची तर हप्ता भरण्याआधी बियाणे विक्रेत्यांकडून कोणता वाण किती खपला ते विचारावं, पेरणीच्या तारखा गावागावांतून घ्याव्यात, आणि मागच्या दुष्काळी वर्षांचा पाऊस त्याच गणितात घालून ते दुष्काळ त्याला दिसतात का, हे तपासावं.