जलीय अनुकूलन (कोल्हापूर परिसर)

जलीय अनुकूलन : पाण्यात जगण्यासाठी प्राण्यांच्या व वनस्पतींच्या शरीररचनेत आणि शरीरक्रियांत पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेले बदल. कोल्हापूर परिसरात हे पाहायला दोन टोकांचे पाणी जवळजवळ मिळते : घाटाकडच्या ओढ्यांचे खळाळते आणि रंकाळा, कळंबा या तलावांचे साचलेले. पंचगंगा खोऱ्यातल्या नद्या तर वर्षातून दोनदा स्वभाव बदलतात. पावसाळा सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) बसवतात आणि वाहती नदी डोहांची माळ होऊन बसते.

पाण्यात खरी टंचाई असते ती ऑक्सिजनची. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन जेमतेम ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना साडेसात. एक लिटर हवेत याच्या सुमारे तीसपट असतो. म्हणून माशाच्या कल्ल्यांत रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहते. शेवटपर्यंत रक्तापेक्षा पाण्यातच ऑक्सिजन जास्त राहतो आणि तो खेचून घेता येतो. साचलेल्या पाण्यात हेही पुरत नाही. रात्रभर वनस्पती ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन आ वासताना दिसतात.

मरळ माशाने यावर वेगळीच तोड काढली आहे. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत त्याला हवेतून श्वास घेणारे जादा अंग असते. मासळी बाजारात घमेल्यातल्या चार बोटे पाण्यात तो तासन्‌तास जिवंत राहतो तो यामुळेच. उलट त्याला पृष्ठभागावर येऊच दिले नाही, तर हा मासा चक्क बुडून मरतो. मांगूरही हवा घेतो. नदीत साखर कारखान्याची मळी किंवा सांडपाणी मिसळले की ते कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन संपवतात. रोहू, कटला आधी तडफडतात. तेव्हा मरळ जिवंत दिसला म्हणजे पाणी बरे आहे, असे कोणी समजू नये.

क्षारांचे गणित याहून साधे आहे. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त पाण्यापेक्षा खारट. पाणी कल्ल्यांतून आपोआप आत शिरते. तो पाणी जवळपास पीत नाही, भरपूर पातळ मूत्र टाकतो आणि गमावलेले क्षार कल्ल्यांतल्या पेशींनी परत ओढतो. कोकणातून येणाऱ्या बांगड्याचे सगळे याच्या उलट : तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ बाहेर टाकतो.

वनस्पतींची अडचण मुळांशी असते, कारण चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच. कमळाची पर्णरंध्रे पानाच्या वरच्या बाजूला असतात. तिथून हवा पोकळ देठातून खाली चिखलातल्या खोडापर्यंत जाते. भाजीसाठी कमळकाकडी चिरली की जी भोके दिसतात, त्या याच हवेच्या वाटा. रंकाळ्यातल्या जलपर्णीचा फुगीर देठ बोटांत दाबला तर स्पंजासारखा दबतो. आतल्या हवेच्या पोकळ्या तिला तरंगत ठेवतात.

ओढ्यांत ऑक्सिजनची ददात नाही, तिथे प्रश्न वाहून न जाण्याचा. मल्या हा छोटा मासा खालच्या ओठामागच्या चकतीने खडकाला चिकटतो. साइक्स या ब्रिटिश अधिकारी-निसर्गअभ्यासकाने १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा शास्त्रीय नावात हेच मराठी नाव घातले. पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पती पावसाळाभर धारेखाली खडकाला शेवाळासारख्या चिकटून वाढतात आणि पाणी उतरून खडक उघडा पडला की फुलतात. वर्षभर पाणी तुंबवून ठेवलेल्या जागी ही वेळ येतच नाही.