ॲपइमेज चालवायला सुडो लागत नाही

‘ॲपइमेज उघडत नाही? सुडो लावून चालवा’ हा सल्ला लिनक्सवाल्यांत वर्षानुवर्षे फिरतोय. तो पाळू नका. ॲपइमेज म्हणजे न बसवता थेट चालवता येणारं, एकाच फाइलमध्ये भरलेलं लिनक्स ॲप; आणि सुडो म्हणजे ‘रूट’च्या, म्हणजे यंत्रणेच्या मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने काहीही चालवणारी कमांड. सुडो लावलं की अनोळखी फाइलच्या हाती अख्खी यंत्रणा जाते, आणि मूळ अडचण तशीच राहते.

ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला ‘चालवण्याची’ परवानगी नसते, एवढंच. राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ती द्या; फाइल तुमचीच आहे, रूटचा संबंध नाही.

तरीही उघडत नसेल तर टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) चालवून बघा. ‘लिबफ्यूज’ ही लायब्ररी सापडत नाही असं दिसलं, तर कारण वेगळं आहे. ॲपइमेजच्या पोटात गुंडाळलेली फाइल-सिस्टिम असते, ती फ्यूज या लिनक्समधल्या सोयीच्या मदतीने तात्पुरती जोडली जाते. अनेक ॲपइमेजना त्यासाठी लिबफ्यूज२ लागते आणि उबुंटू या लिनक्स प्रणालीत २२.०४ आवृत्तीपासून ती आधीपासून बसवलेली नसते. सुडोने ती कुठून येणार? पॅकेज बसवा (२४.०४ मध्ये नाव ‘लिबफ्यूज२टी६४’). सुडो लागेल तो इथे, एकदाच. मात्र नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज टाकू नका. त्यापायी डेस्कटॉपचे भाग उडू शकतात.

आणि सुडो नसलं तरी ॲपइमेज आपोआप बंदिस्त नसते, तुमच्या होम फोल्डरमधलं सगळं तिला वाचता येतं. म्हणून ती मूळ प्रकल्पाच्या साइटवरूनच घ्या.