शातो ओ-ब्रियाँ १९९८ : टेस्टिंगला यायच्या आधी एवढं वाचाच

शनिवारच्या वाइन टेस्टिंगला ज्यांनी नाव दिलंय त्यांच्यासाठी हे. शातो ओ-ब्रियाँ ही रेड वाइन, आणि १९९८ म्हणजे तिची द्राक्षं तोडली ते वर्ष. बाटली एकच आहे, ७५० मिलीची, माणसं दहा, तळाचा गाळ सोडावा लागतो म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ७० मिली येणार, आणि तेवढीच तासभर पुरवायचीये.

ओ-ब्रियाँ ही फ्रान्समधल्या बोर्दो शहराला लागून असलेल्या पेसाकची, द्राक्षमळे असलेली इस्टेट. सोळाव्या शतकात पोंताक घराण्याने उभी केली. १६६३ मध्ये सॅम्युअल पीप्स या इंग्रज डायरीलेखकाने लंडनच्या एका टॅव्हर्नमध्ये ही वाइन प्यायली आणि अशी वेगळी चव आधी कधी चाखली नव्हती असं डायरीत लिहून ठेवलं, नाव मात्र कानावर पडलं तसं ‘हो ब्रायन’ लिहिलं. पुढे बोर्दोच्या वाइन्सची १८५५ मध्ये जी अधिकृत क्रमवारी लावली तिच्यात पहिल्या श्रेणीत चारच रेड घेतल्या, तीन बोर्दोच्याच मेदोक भागातल्या आणि चौथी ही.

आता १९९८ च का, तर त्या वर्षी बोर्दोत सप्टेंबरच्या शेवटी पाऊस आला, मर्लो द्राक्षं लवकर पिकतात त्यामुळे ती आधीच तोडून झाली होती, उशिरा पिकणारी कॅबर्ने सोव्हिन्यों मात्र बऱ्याच ठिकाणी पावसात सापडली. ओ-ब्रियाँत मर्लो मेदोकच्या त्या तिघांपेक्षा जास्त लावलेली असते, शिवाय मळ्याभोवती शहर वाढलंय त्यामुळे तिथे जरा ऊब राहते, म्हणून हे वर्ष त्यांना साधलं.

बाटली आम्ही दोन दिवस आधीच उभी करून ठेवू, गाळ खाली बसायला. हा गाळ म्हणजे भेसळ नाही, वाइनमधला रंग आणि टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात, म्हणूनच जुन्या रेडचा तुरटपणा मऊ होतो. कच्च्या जांभळाने जीभ कशी आखडते, नवीन रेड तशी लागते, ही तशी लागणार नाही.

डिकँटरमध्ये, म्हणजे गाळ मागे ठेवून वाइन ज्यात काढतात त्या काचेच्या सुरईत, ओतणार ते तुम्ही आल्यावरच. एकदा आम्ही एक जुनी बाटली दोन तास आधी ओतून ठेवली होती आणि पाहुणे येईपर्यंत वास उडून गेला होता, ते अजून सलतं.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा, कडेला विटेसारखा रंग दिसेल. मग न हलवता वास घ्या, हे फार महत्त्वाचं आहे, पहिला वास पुन्हा मिळत नाही. फळांचा वास शोधत बसू नका, तो आता मागे गेलाय, तंबाखू, धूर, चामडं, ओली माती असं काहीतरी येईल, आणि नाही आलं तरी जे येतंय तेच खरं, दुसऱ्याचं ऐकून मान डोलवू नका. छोटा घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते बघा. दहा मिनिटांनी पुन्हा. ग्लासात ती बदलत जाते, आम्हाला तर यातच सगळी मजा वाटते.

वाइन १७ अंशांच्या आसपास देऊ, आपल्याकडच्या उन्हाळ्यात रूम टेंपरेचरला दिली तर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच खराब निघालंय, अशा वेळी आम्ही ती बाटली कोणालाही पाजणार नाही आणि पैसे परत देऊ.

येताना अत्तर-परफ्यूम लावू नका, दुपारी मिसळ नको, पान-सुपारी तर अजिबात नको. सोबत साधं भाजलेलं मटण आणि ब्रेड ठेवतोय, मसाला नसलेलं.