पाऊ गसोल आणि मार्क गसोल: ‘भावाच्या बदल्यात भाऊ’ हे अर्धंच खरंय

गसोल म्हणजे स्पेनचे दोन बास्केटबॉलपटू भाऊ, पण गसोल म्हटलं की सगळ्यांना पाऊच आठवतो. लेकर्स या टीममध्ये कोबी ब्रायंटसोबत 2009 आणि 2010 ची एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) टायटल्स, 16 नंबरची जर्सी, 2023 ला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमचा मान, हे तुम्हाला माहितीये त्यामुळे त्यात जात नाही. मार्क त्याच्यापेक्षा साडेचार वर्षांनी लहान, तोही सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेयर), तोही रिटायर झालाय.

खरा घोळ फेब्रुवारी 2008 च्या ट्रेडचा, म्हणजे टीम्समधल्या प्लेयर्सच्या देवाणघेवाणीचा. जिथे बघावं तिथे हेच, की लेकर्सने मार्क दिला आणि मेम्फिस या टीमकडून पाऊ घेतला. वाचून वाटतं दोन तयार प्लेयर्सची अदलाबदल झाली. अहो, मार्क तेव्हा स्पेनमध्ये जिरोनाकडून खेळत होता, एनबीएची एकही मॅच खेळला नव्हता! लेकर्सने त्याला 2007 च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे प्लेयर्स निवडतात तो) 48 व्या नंबरला उचललं होतं, म्हणजे दुसऱ्या राउंडमध्ये, आणि असा प्लेयर युरोपातच राहिला तरी त्याचे एनबीएतले राईट्स त्या टीमकडे राहतात. मार्कच्या बाबतीत लेकर्सने दिले ते फक्त हे राईट्स. आता राईट्सचा पगार शून्य धरतात, आणि कॅपच्या (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) वर असलेल्या टीमला पाऊसारखा महागडा प्लेयर घ्यायचा तर साधारण तेवढाच पगार समोर पाठवावा लागतो, म्हणून लेकर्सच्या क्वामी ब्राउनचा त्याच सीझनला संपणारा मोठा काँट्रॅक्ट त्यात घातला, सोबत क्रिटेंटन, मॅकी हे प्लेयर्स आणि ड्राफ्टच्या पहिल्या राउंडचे दोन पिक्स, म्हणजे निवडीचे हक्क. मेम्फिसला तेव्हा मिळालं काय तर उन्हाळ्यात मोकळी होणारी कॅप स्पेस आणि पुढची आशा. लोक तेव्हा ‘लुटलं’ म्हणून ओरडले ते त्यामुळेच, मार्क कोण होणारे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि झालं काय? पाऊ असताना मेम्फिस 2004, 2005, 2006 असं तीनदा प्लेऑफ्सला (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) गेलं आणि एकही मॅच जिंकलं नाही, 12 पैकी 12 हरले. मार्क असताना 2011 ला त्याच टीमने पहिल्या नंबरच्या स्पर्सला पहिल्याच राउंडला बाहेर काढलं, 2013 ला वेस्ट विभागाच्या फायनलला पोचले, आणि त्याच सीझनचा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर मार्क. मला विचाराल तर डिफेन्समध्ये मार्कच भारी, पोस्टमधला, म्हणजे बास्केटजवळचा, स्कोरर म्हणून पाऊ, यात वाद घालायची गरजच नाही.

वर्ल्ड कपचं पण नीट लिहा राव. 2006 ला जपानमध्ये कप जिंकणाऱ्या स्पेनच्या टीममध्ये दोघंही होते, एमव्हीपी (स्पर्धेतला सर्वोत्तम प्लेयर) पाऊ, पण सेमीफायनलला पाय मोडल्यामुळे ग्रीसविरुद्धची फायनल तो खेळलाच नाही. 2019 ला चीनमध्ये पाऊ दुखापतीमुळे नव्हता, ‘गसोल बंधूंनी दोन वर्ल्ड कप जिंकले’ असं सरसकट लिहिणाऱ्यांचं इथेच चुकतं, कारण तो मार्कचा दुसरा आणि पाऊचा नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध डबल ओव्हरटाइमच्या सेमीफायनलला मार्कने 33 पॉइंट्स टाकले, तेही टोरांटोकडून एनबीए जिंकल्यावर तीनच महिन्यांनी. उलट 2015 च्या युरोबास्केटला (युरोपातल्या देशांची स्पर्धा) मार्क नव्हता, फ्रान्सला त्यांच्याच घरात 40 पॉइंट्स मारले ते पाऊने.